मुदत नसलेलं प्रायश्चित्त

आयर्लंडमधल्या एका लग्नाच्या मेजवानीत एक धर्मगुरू बोधरान नावाचं डफासारखं वाद्य वाजवत गातो आहे. घामाने चेहरा निथळतोय, पाहुणे ठेका धरतायत. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मार्गारेट नावाच्या तरुण मुलीवर नात्यातलाच एक भाऊ बलात्कार करतो. ती खाली येते, खुर्चीत बसते आणि शेजारच्या मुलीला काहीतरी सांगते. ती मुलगी उठते. बातमी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे, बायकांकडून पुरुषांकडे आणि शेवटी वडिलांकडून त्या धर्मगुरूकडे जाते. गाणं-बजावणं इतकं चढलेलं आहे की प्रेक्षकाला एकही शब्द ऐकू येत नाही. दिसतात ते हलणारे ओठ आणि एकेक करून मार्गारेटकडे वळणाऱ्या नजरा. सकाळी दारात गाडी उभी असते, मार्गारेटला न्यायला. ज्याने गुन्हा केला त्याला कुणी कुठे नेल्याचं दिसत नाही.

पीटर मलन या स्कॉटिश दिग्दर्शकाचा ‘द मॅग्डलिन सिस्टर्स’ हा २००२ सालचा चित्रपट असा सुरू होतो. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘गोल्डन लायन’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि व्हॅटिकनच्या ‘ल’ओस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने त्याच्यावर सडकून टीका केली. कथा १९६४च्या डब्लिनची आहे. मार्गारेटबरोबर आणखी दोघी त्याच वेळी कॉन्व्हेंटच्या लाँड्रीत, म्हणजे ‘पतित’ मुलींना ठेवून घेणाऱ्या धुलाईघरात, येतात. रोझला लग्नाआधी मूल झालं. बर्नाडेट अनाथाश्रमातली, दिसायला सुंदर, आणि कुंपणापलीकडच्या पोरांशी बोलली एवढाच तिचा अपराध. क्रिस्पिना आधीपासूनच तिथे आहे. ती थोडी मंदबुद्धी, एका मुलाची आई, आणि भेटीला येणाऱ्या बहिणीच्या कडेवरच्या आपल्या मुलाला ती दुरूनच बघते. सगळ्यांवर सिस्टर ब्रिजेट. जेराल्डीन मॅक्यूअन यांनी ही भूमिका इतक्या थंड, गोड आवाजात केली आहे की तिच्या टेबलावर मोजल्या जाणाऱ्या नोटांचा आवाजच जास्त खरा वाटतो.

हा चित्रपट बघवत नाही. बायकांना विवस्त्र उभं करून त्यांच्या शरीरावरून हसणाऱ्या नन्सचं एक दृश्य आहे. केस भादरताना रक्त डोळ्यांत उतरतं, तेही आहे. पळून गेलेल्या मुलीला तिचा बापच मारत परत आणून टाकतो. ही भूमिका मलन यांनी स्वतः केली आहे. तरीही प्रेक्षकाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं दृश्य मारहाणीचं नाही. मार्गारेटला एकदा बागेचं दार उघडं सापडतं. ती रस्त्यावर येते. एक गाडी थांबते, चालक विचारतो, कुठे सोडू? ती नकार देते आणि स्वतःच्या पायांनी आत परतते.

का परतते, याचं उत्तर चित्रपट देत नाही. ते लाँड्रीच्या इतिहासात शोधावं लागतं, आणि थोडं धर्मशास्त्रातही.

चित्रपट आला तेव्हा तो अतिरंजित आहे असं म्हणणारे होते, आणि वास्तव याहून वाईट होतं असं म्हणणाऱ्या तिथून बाहेर पडलेल्या बायकाही होत्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अत्याचारविरोधी समितीने २०११मध्ये आयर्लंडला चौकशी करायला सांगितलं, आणि मार्टिन मॅकअलीस यांच्या समितीने फेब्रुवारी २०१३मध्ये जाडजूड अहवाल दिला. १९२२ ते १९९६ या काळात चार धर्मसंघांनी चालवलेल्या दहा लाँड्र्यांत किमान १०,०१२ स्त्रिया दाखल झाल्या. हा आकडाही अपुरा, कारण गॉलवे आणि डन लेअरी इथल्या लाँड्र्यांच्या नोंदवह्या शिल्लकच नव्हत्या. सर्वांत लहान मुलगी नऊ वर्षांची होती, सर्वांत वृद्ध स्त्री ८९ वर्षांची. ज्यांच्या दाखल्याचा मार्ग कळला, त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक जणींना थेट सरकारी यंत्रणेने, म्हणजे न्यायालय, पोलीस, औद्योगिक शाळा (निराधार मुलांच्या निवासी संस्था), समाजसेवा विभाग यांनी पाठवलं होतं.

याच अहवालात चित्रपटाच्या टीकाकारांना हवं असलेलं एक वाक्यही सापडतं. समितीशी बोललेल्या बहुतेक बायकांनी लाँड्रीत नियमित मारहाण झाल्याचं सांगितलं नाही. ती औद्योगिक शाळांत जास्त होती, असं म्हटलं. ‘जस्टिस फॉर मॅग्डलिन्स’ या संस्थेने अहवालाच्या पद्धतीवर आणि निष्कर्षांवर कडक आक्षेप घेतले आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. पण क्षणभर अहवालाचंच म्हणणं धरून चालू. मग त्या बायका कशाबद्दल बोलल्या? आपल्याला इथे का आणलं हे कुणी सांगितलं नाही, आणि कधी सोडणार हेही नाही. एकीनंतर एक, हेच. कैद्याला शिक्षेची तारीख असते. यांना नव्हती. काही जणी काही महिन्यांत बाहेर पडल्या, काही जणी पन्नास वर्षांनी तिथेच वारल्या, आणि आपण यांतल्या कोण हे आत असताना एकीलाही ठाऊक नव्हतं.

पट्ट्याचे वळ चित्रपटात दाखवता येतात. तारखेचं नसणं दाखवणं अवघड, आणि मार्गारेटच्या त्या परतण्यात मलन यांना ते साधलं आहे.

लाँड्रीतल्या बायकांना नन्स ‘पेनिटंट’, म्हणजे प्रायश्चित्त घेणाऱ्या, म्हणत. तिथे जे चाललं ते प्रायश्चित्त होतं, असा संस्थेचा दावा. तेव्हा तो दावा चर्चच्याच तराजूत तोलायला हवा. बाहेरच्या कुणी बाहेरची मापं लावली तर धर्मद्वेष म्हणून सोडून देता येतं. घरची मापं तशी झटकता येत नाहीत.

कॅथलिक शिकवणीत प्रायश्चित्ताचे तीन भाग आहेत: मनापासूनचा पश्चात्ताप, पापाची स्वमुखाने कबुली आणि भरपाई. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्या कबुलीनंतर धर्मगुरू पापक्षमा उच्चारतो, एखादी प्रार्थना किंवा कृती नेमून देतो, आणि ती केली की विषय संपतो. पश्चात्ताप दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, आणि जबरदस्तीने करवताही येत नाही. मरणानंतरच्या हिशेबातसुद्धा हीच मर्यादा पाळलेली दिसते. पर्गेटरी, म्हणजे आत्म्याच्या शुद्धीची जागा, कितीही यातनामय असली तरी तिला शेवट आहे. कॅथलिक विश्वरचनेत मुदत नसलेली यातना एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण नरक. डब्लिनच्या धुलाईघरांत नन्सनी पृथ्वीवर पर्गेटरी उभारली असं त्यांना वाटत असेल. आराखडा मात्र दुसऱ्याच जागेचा होता.

मार्गारेटचं प्रकरण तर आणखी सरळ. इ.स. ४१०मध्ये गॉथांनी रोम लुटलं तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांनी आत्महत्या करायला हवी होती, असं म्हणणाऱ्यांना संत ऑगस्टीनने ‘सिटी ऑफ गॉड’च्या पहिल्याच भागात उत्तर दिलं आहे. पावित्र्य मनाच्या संमतीत असतं. दुसऱ्याची वासना एखादीच्या शरीरावर लादली गेली म्हणून ती मलिन होत नाही. स्त्रीद्वेषासाठी ज्याला हमखास धारेवर धरलं जातं त्या ऑगस्टीनचं हे मत. चर्चच्या सर्वांत मोठ्या आचार्याने हा प्रश्न पंधराशे वर्षांपूर्वी निकालात काढला होता, आणि मार्गारेटच्या गावातल्या धर्मगुरूने तो एका रात्रीत पुन्हा उघडला.

आणि तरी, ‘शिकवण चांगली, माणसं वाईट’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. कुणाही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध मठात ढकलणाऱ्याला १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने बहिष्काराची शिक्षा सांगितली. मुली मठात टाकून हुंडा वाचवणाऱ्या युरोपातल्या बापांना हा मोठा दणका होता. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी एक अपवाद आहे: ‘प्रायश्चित्त घेणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या गृहांना त्यांचे स्वतःचे नियम लागू राहतील. सज्जन घरच्या मुलीची संमती महत्त्वाची ठरली, पतितेची तिच्या घराच्या नियमावलीवर सोडली. कायद्याच्या एका ओळीत एवढं मावतं. आयर्लंडच्या नन्सनी ही ओळ वाचली असेल की नाही, कोण जाणे. ज्या मनोवृत्तीतून ती आली ती मात्र त्यांना वारशाने मिळाली होती.

ज्या मरियेच्या, म्हणजे मॅग्डलिनच्या, नावावर हे सगळं चाललं, तिची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. शुभवर्तमानांत मग्दालियाच्या मरियेतून सात भुतं काढल्याचा उल्लेख आहे, आणि पुनरुत्थित येशूला भेटल्याचा. ती वेश्या होती असं कुठेही नाही. इ.स. ५९१च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला, येशूचे पाय अश्रूंनी धुणाऱ्या निनावी पापी स्त्रीला आणि बेथानीच्या मरियेला एकच ठरवलं. रोमने पूजापंचांगातून हा घोळ १९६९मध्ये दूर केला, आणि २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. मधल्या चौदाशे वर्षांत तिच्या नावाने युरोपभर घरं निघाली. गोवाही सुटला नाही. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीस, जुन्या गोव्यात ‘पश्चात्तापी’ स्त्रियांसाठी सांता मारिया मादालेनाचं गृह निघालं. लंडनचं मॅग्डलिन हॉस्पिटल त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १७५८मध्ये आलं. डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवरचं १७६७मध्ये, लेडी अराबेला डेनी या प्रोटेस्टंट बाईंनी काढलेलं.

प्रोटेस्टंट हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण या कथेतला एक धागा तिथून थेट महाराष्ट्रात येतो, आणि तो सगळा हिशेब अवघड करून ठेवतो.

१८८३मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या. या सिस्टर्सचं एक गृह लंडनमध्ये फुलम इथे होतं, ‘पतित’ स्त्रियांसाठी. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. पुढे आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी लिहून ठेवलं की तिथे त्यांनी जे पाहिलं ते त्यांना पूर्णपणे नवं होतं: अशा बायकांशी कुणी प्रेमाने वागतं, त्यांना माणसांत आणू पाहतं. शास्त्रग्रंथांत त्यांनी अशा स्त्रीसाठी गावाबाहेर कुत्र्यांकरवी फाडून मारण्याची शिक्षा वाचली होती. तुम्ही या बायकांची काळजी का घेता, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. उत्तरादाखल तिने विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या ख्रिस्ताकडे वळण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे, मॅग्डलिन गृहांच्याच कुळातल्या एका संस्थेने एका महाराष्ट्रीय विदुषीला करुणेचा साक्षात्कार घडवला. अशा अँग्लिकन गृहांतही धुलाईचं काम सर्रास असे, शिस्त असे, नव्या आलेलीने मान खाली घालून राहावं ही अपेक्षा असे. रमाबाई पाहुण्या होत्या, त्यांना समोरची बाजू दिसली, असं म्हणता येईल. पण रमाबाई भाबड्या नव्हत्या. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पुढे जो पत्रव्यवहार झाला तो वाचला की कळतं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ठरवलेला सिद्धान्त मी का मानावा, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, एका जोखडातून सुटले ती दुसऱ्यात मान घालायला नाही, असा त्यांचा रोख. सिस्टरना तो गर्व वाटला. करुणा रमाबाईंना हवी होती, आज्ञापालन नको होतं. त्याच संस्थेकडून एक घेऊन दुसरं नाकारण्याची मुभा त्यांना होती, कारण त्या बाहेर पडू शकत होत्या. फुलमच्या गृहातल्या बाईला ती मुभा किती होती, हा प्रश्न त्या पत्रांत येत नाही.

पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ काढलं. नाव लक्षात घेण्यासारखं आहे.

करुणा आणि कोंडवाडा एकाच इमारतीत कसे राहतात? आयर्लंडचा अनुभव सांगतो की त्यासाठी दुष्ट नन्स लागत नाहीत. धंदा आणि गरजू समाज पुरे. लाँड्रीत हॉटेलांचे, हॉस्पिटलांचे, कॉन्व्हेंट-शाळांचे आणि सरकारी खात्यांचेही कपडे येत. काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मजुरी शून्य. अहवाल म्हणतो की लाँड्र्यांना फारसा नफा होत नव्हता. असेल. पण पगार न देता जेमतेम चालणारा धंदा पगार दिला असता तर चाललाच नसता, आणि म्हणून त्याला बायका आत राहण्याची गरज होती. कारखाना कायद्याखाली सरकारी निरीक्षक येत, यंत्रं तपासत, जात. यंत्राशी उभ्या बाईचं वय कुणी विचारत होतं का, हे मॉरीन सलिव्हन यांच्या आत्मकथनातून कळतं. सावत्र बापाच्या अत्याचाराबद्दल त्यांनी शाळेतल्या ननला विश्वासाने सांगितलं, आणि बाराव्या वर्षी त्यांची रवानगी न्यू रॉसच्या लाँड्रीत झाली. बाहेरचं कुणी पाहायला आलं की त्यांना भुयारात लपवून ठेवत. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘गर्ल इन द टनेल’.

त्याच न्यू रॉसमध्ये क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ ही छोटी कादंबरी घडते. २०२४मध्ये किलियन मर्फी यांना घेऊन तिचा चित्रपट झाला. नायक कोळसा पोचवणारा साधा माणूस. सगळ्या गावाला माहीत आहे, कॉन्व्हेंटशी वाकडं घेतलं तर मुलींना चांगली शाळा मिळायची नाही. मलन यांच्या चित्रपटात भिंतीच्या आतली क्रूरता आहे, इथे बाहेरची सोय. दुसरी जास्त ओळखीची वाटते.

कारण मुलींना दारापर्यंत आणून सोडणारे बहुतेक वेळा आईबाप, भाऊ, गावचा धर्मगुरू असत. गर्भनिरोधकांच्या विक्रीवर १९३५पासून बंदी, घटस्फोटाला घटनेतच मनाई, आणि लग्नाबाहेरचं मूल म्हणजे घराण्याला बट्टा. गर्भार मुली आधी माता-बाल गृहांत जात. अशा अठरा संस्थांत सुमारे ९,००० मुलं दगावल्याचं २०२१च्या चौकशी आयोगाने नोंदवलं. ट्यूम गावच्या अशा गृहातल्या ७९६ मुलांच्या मृत्यूचे दाखले कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी एकेक करून मिळवले, तेव्हा जगाला धक्का बसला.

लाँड्र्यांचा बोभाटा झाला तो जमिनीच्या व्यवहारातून. डब्लिनच्या हाय पार्कमधल्या धर्मसंघाने १९९३मध्ये आवारातली जागा विकायला काढली. तिथे लाँड्रीतल्या बायकांचं दफनस्थान होतं. १३३ प्रेतं हलवायची परवानगी घेतली होती. खणल्यावर आणखी २२ निघाली. कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती, काहींची खरी नावं कुणाला माहीत नव्हती, कारण आत येताच त्यांना एखाद्या संताचं नाव दिलेलं. बहुतेकींचे अवशेष जाळून ग्लासनेव्हिन दफनभूमीत पुरले. याच हाय पार्कच्या आवारातल्या एका संस्थेत किशोरवयात राहिलेली एक मुलगी पुढे गायिका झाली. १९९२मध्ये सिनेड ओकॉनर यांनी अमेरिकन टीव्हीवर पोपचा फोटो फाडला तेव्हा जगाने त्यांना माथेफिरू ठरवलं.

डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवरची शेवटची लाँड्री ऑक्टोबर १९९६मध्ये बंद पडली. एव्हाना घरोघरी वॉशिंग मशिन आली होती, आणि नैतिक जागृतीपेक्षा या यंत्राने लाँड्र्यांचा कणा जास्त मोडला, हे कुणाला आवडो न आवडो.

मॅकअलीस अहवालाच्या आधीच्या ऑक्टोबरात गॉलवेच्या हॉस्पिटलात बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार दगावली. गर्भ वाचणार नव्हता, तिने गर्भपात मागितला, तो नाकारला गेला; ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण म्हटल्याचं तिथल्या सुईणीने मृत्युचौकशीत मान्य केलं. दोन प्रकरणांचा थेट संबंध नाही. पण एकाच देशाला चार महिन्यांच्या आत दोनदा आरशात बघावं लागलं, आणि गर्भपाताबद्दलच्या २०१८च्या सार्वमताच्या वेळी बेळगावच्या या मुलीचा चेहरा डब्लिनच्या भिंतींवर होता.

पंतप्रधान एन्डा केनी यांनी १९ फेब्रुवारी २०१३ रोजी संसदेत लाँड्रीतल्या स्त्रियांची माफी मागितली. गॅलरीत त्यांतल्या काही जणी बसल्या होत्या. मग भरपाई योजना आली: किती काळ आत होतीस त्यानुसार ११,५०० ते एक लाख युरो. चारही धर्मसंघांनी तिला पैसे द्यायला नकार दिला. आम्ही समाजाने टाकलेल्यांना आसरा दिला, हे त्यांचं म्हणणं. ते पूर्ण खोटं नाही. घरच्यांनी दार लावलेल्या मुलीला या बायकांनी खरोखर जेवण आणि छप्पर दिलं, आणि बऱ्याच नन्सही आयुष्यभर त्याच भिंतींत, त्याच वाफेत राबल्या. पण बाहेर जायचं दार आपण का लावून घेतलं, याचं उत्तर त्यात येत नाही.

ज्या तीन भागांनी प्रायश्चित्त पूर्ण होतं ते संस्थांनाही लावून पाहावेत. सरकारने कबुली दिली आणि भरपाईचा काही भाग चुकता केला. धर्मसंघांनी खेद व्यक्त केला तोही बेतशीर शब्दांत, पैसे दिले नाहीत, आणि कबुलीचा भाग तर कपाटात आहे. विसाव्या शतकातल्या त्यांच्या नोंदवह्या इतिहासकारांना खुल्या नाहीत. मॅकअलीस समितीला त्या दाखवल्या होत्या. काम संपल्यावर मूळ कागद धर्मसंघांना परत गेले आणि समितीकडच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटची इमारत एका जपानी हॉटेल कंपनीला विकायचा घाट महापालिकेने घातला होता. २०१८मध्ये नगरसेवकांनीच तो हाणून पाडला. आता तिथे सरकार राष्ट्रीय स्मृती आणि संशोधन केंद्र उभारणार आहे, अभिलेखागारासह. त्या अभिलेखागारात धर्मसंघ आपल्या वह्या ठेवणार का, हा प्रश्न उरतोच.